कुबेराची पूजा पहिल्यांदा घरी करणार असाल तर

दिवाळी महिन्यावर आली की कुणीतरी बाजूला घेऊन हळू आवाजात विचारतं, "ताई, तुम्ही कुबेराचं काही करता म्हणे?" आवाज हळू असतो, कारण 'यक्षाची उपासना' म्हटलं की लोकांना अमावास्येची रात्र, काळी कोंबडी, जमिनीतलं धन असलं काहीबाही आठवतं. मलाही तेच वाटायचं. त्या वाटेने मी एकदा गेलेही आणि पोळून परत आले. नंतर एका वृद्ध गुरुजींनी मला नीट शिकवलं. गेली नऊ वर्षं मी ही पूजा घरी एकटीने करते. मला कुणी आधीच सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं सगळं इथे क्रमाने लिहिते आहे.

त्या गुरुजींकडे पहिल्यांदा गेले तेव्हा मी म्हटलं, "मला कुबेराचा मंत्र द्या." ते म्हणाले, "मंत्रपुष्पांजली येते?" मी म्हटलं, येते की, गणपतीत रोज म्हणतो. "मग म्हणा." मी म्हणू लागले. 'ॐ राजाधिराजाय प्रसह्यसाहिने, नमो वयं वैश्रवणाय कुर्महे' इथे आले तसं त्यांनी हात वर करून थांबवलं. "हा वैश्रवण कोण?" मला सांगता येईना. त्या मंत्राची शेवटची ओळ त्यांनीच म्हटली, 'कुबेराय वैश्रवणाय महाराजाय नमः'. लहानपणापासून टाळ्या वाजवत, फुलं हातात धरून मी ज्याला हाक मारत होते, त्याचं नाव मी कधी लक्ष देऊन ऐकलंच नव्हतं. हा तैत्तिरीय आरण्यकातला मंत्र आहे. महाराष्ट्रात ज्याच्या घरी गणपती बसतो, त्याची कुबेराशी तोंडओळख आधीच झालेली असते. तेव्हा भिऊ नका.

१. आधी तो कोण हे समजून घ्या

विश्रवा ऋषींचा मुलगा म्हणून तो वैश्रवण. रावणाचा सावत्र भाऊ. लंका आणि पुष्पक विमान आधी त्याचं होतं, रावणाने ते हिसकावलं आणि हा उत्तरेला कैलासाजवळ अलका नगरीत जाऊन राहिला. शंकराचा मित्र, उत्तर दिशेचा दिक्पाल, यक्षांचा राजा आणि नऊ निधींचा स्वामी. पद्म, महापद्म, शंख, मकर, कच्छप, मुकुंद, कुंद, नील आणि खर्व हे ते नऊ निधी. (काही याद्यांत कुंदाच्या जागी नंद येतो, त्यावरून वाद घालत बसू नका.)

देव म्हणून त्याला मान पुढे मिळाला. शतपथ ब्राह्मणात तो राक्षसांचा आणि चोरांचा राजा आहे. अथर्ववेदात त्याच्या लोकांकडे 'तिरोधा' आहे, म्हणजे वस्तू नजरेआड करण्याची विद्या. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुबेराची मूळ शक्ती धन उधळण्याची नाही, दडवून राखण्याची आहे. मेघदूतातला यक्ष कामात चुकला, तर याच कुबेराने त्याला वर्षभरासाठी घराबाहेर काढलं आणि तो बिचारा रामगिरीवर, म्हणजे आपल्या नागपूरजवळच्या रामटेकला येऊन राहिला अशी परंपरा आहे. असा हिशेबाला कडक धनी आहे हा. गुरुजी म्हणायचे, "लक्ष्मी मालकीण, कुबेर खजिनदार. खजिनदाराकडे जाताना कागद घेऊन जायचं असतं."

त्याला आणि त्याच्या यक्षांना बघायचं असेल तर अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात जा. उजवीकडच्या छोट्या गाभाऱ्यात मुलांना राखणारी यक्षी हारिती आणि तिचा नवरा, कुबेराचा सेनापती पांचिक यक्ष बसलेले आहेत, डावीकडे शंखनिधी आणि पद्मनिधी हे दोन यक्ष. पितळखोऱ्याच्या लेण्यांत सापडलेला ठेंगणा, पोट सुटलेला, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत लिहिलेलं आहे की तो कृष्णदास नावाच्या सोनाराने घडवला. बौद्धांकडे जंभल म्हणून त्याच्या हातात मुंगूस असतं आणि ते तोंडातून रत्नं ओकतं. जपानमध्ये तोच बिशामोन्तेन.

एक सांगते, दुकानात 'कुबेर' म्हणून हसऱ्या टकल्या लाफिंग बुद्धाची मूर्ती गळ्यात मारतात. तो चीनमधला एक भिक्खू, बुदाई. त्याचा कुबेराशी काही संबंध नाही.

२. कुणाला घरात घेऊ नये

ही पायरी मी मुद्दाम पूजेच्या आधी ठेवली आहे.

२०१५ साली आमचं सगळंच बिनसलं होतं. यजमानांची नोकरी गेलेली, माझं शिवणकाम नुकतं सुरू झालेलं, पतपेढीचे हप्ते थकलेले. ओळखीतल्या एका बाईंनी एका माणसाला घरी आणलं. तो अंगणात फिरला, लिंबाच्या झाडाखाली थांबला आणि म्हणाला, इथे निधी आहे, वर यक्ष बसलाय, त्याला मोकळं करावं लागेल. आधी ५ हजार घेतले. मग ११ हजार. मग म्हणाला, सोन्याला सोनं ओढतं, घरातलं थोडं सोनं शुद्धीला द्या. मी मंगळसूत्राच्या दोन वाट्या काढून त्याच्या हातावर ठेवल्या. रात्री खड्डा खणला, अंधारात काहीतरी पुटपुटला आणि लाल कापडात बांधलेला तांब्या वर काढून माझ्या हातात दिला. तांब्या चांगलाच जड होता. "एक्केचाळीस दिवस उघडायचा नाही. उघडलात तर घरातलं माणूस जाईल."

मी तो तांब्या देवघराखाली ठेवला आणि एक्केचाळीस दिवस रोज त्याला हळदकुंकू वाहिलं. बेचाळिसाव्या दिवशी कापड सोडलं. आत वाळू आणि वर पितळेच्या वॉशरांचा थर. नळाला लावतात त्या वॉशर. काहींना अजून कारखान्याचं तेल होतं, ते बोटांना लागलं.

लाजेने मी तक्रार केली नाही. ती माझी चूक झाली, तुम्ही करू नका. महाराष्ट्रात २०१३ पासून नरबळी आणि अघोरी प्रथा व जादूटोण्याला प्रतिबंध करणारा कायदा आहे. गुप्तधनाच्या नावाखाली अघोरी कृत्यं करणं, दैवी शक्तीचा दावा करून लोकांना घाबरवणं आणि लुबाडणं त्यात बसतं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आणि दंड ५ हजारांपासून ५० हजारांपर्यंत. घरी किंवा देवळात केलेल्या साध्या पूजेला या कायद्याने हात लावलेला नाही, तेव्हा 'कायद्याने पूजा बंद केली' असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

ओळखायच्या खुणा सांगते:

– "कुणाला सांगू नका" असं तो पहिल्याच भेटीत म्हणतो. कुबेराच्या पूजेत लपवण्यासारखं काही नाही. शेजारणीला प्रसादाला बोलवा.

– रक्कम टप्प्याटप्प्याने वाढते आणि प्रत्येक टप्पा 'शेवटचा' असतो.

– मांडूळ, घुबड, कासव यांपैकी काहीतरी लागतं. मांडूळ साप वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. तो विकणारा आणि घेणारा दोघेही आत जातात. घुबडाचंही तेच.

– 'हाथाजोडी' म्हणून दोन जुळलेल्या हातांसारखी दिसणारी, शेंदूर लावलेली मुळी विकतात. ती मुळी नसते. तो घोरपडीच्या नराचा वाळवलेला अवयव असतो. हे कळलं त्या दिवशी मला पोटात ढवळून आलं. देवाच्या नावाने जिवंत प्राण्याचं हे करायचं?

– पैशांचा पाऊस, नोटा दुप्पट करणं. हे ऐकलं की तिथून उठा.

आणि जमिनीतलं धन खरंच सापडलं तरी ते लगेच आपलं होत नाही. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

३. दिवस आणि वेळ

पहिल्या पूजेसाठी धनत्रयोदशी घ्या, म्हणजे आश्विन वद्य त्रयोदशी. वेळ प्रदोषाची, सूर्यास्तानंतर साधारण दोन-अडीच तास. त्रयोदशी संध्याकाळी असली पाहिजे, हे पंचांगात पाहून घ्या. त्याच संध्याकाळी दाराबाहेर दक्षिणेकडे वात करून यमदीप लावायचा असतो, तो विसरू नका. आमच्याकडे आधी यमदीप, मग कुबेर.

धनत्रयोदशी हुकली तर लक्ष्मीपूजनाची अमावास्या. तेव्हा लक्ष्मीच्या शेजारी कुबेराची सुपारी मांडायची. दिवाळीची ही रात्र फार पूर्वी यक्षांचीच होती. वात्स्यायनाच्या कामसूत्रात सणांच्या यादीत 'यक्षरात्री' येते आणि जुन्या टीकाकाराने ती याच रात्रीशी जोडली आहे. 

परदेशात असाल तर भारतातली तारीख उचलू नका. तिथल्या सूर्यास्तानुसार तिथी एक दिवस मागेपुढे होऊ शकते. गावाचं नाव घातलं की तिथलं पंचांग मिळतं.

४. काय काय लागतं

पूजेचं सामान फार नाही. चौरंग किंवा पाट, लाल किंवा पिवळं कापड, तांदूळ, तीन सुपाऱ्या (गणपती, लक्ष्मी, कुबेर), विड्याची पानं, हळदकुंकू, गंध, अक्षता, पिवळी फुलं, उदबत्ती, तुपाचं निरांजन, तेलाची समई, तांब्याभर पाणी, पळी-भांडं, ताम्हन, घंटा. नैवेद्याला धने आणि गूळ. साळीच्या लाह्या आणि बत्तासे असतील तर उत्तम. जपाला माळ, कमळगट्ट्याची किंवा रुद्राक्षाची. नसेल तर बोटांच्या पेरांवर मोजा. गेल्या वर्षी माझा हा सगळा खर्च ४०० रुपयांच्या आत झाला, समई आणि भांडी घरचीच.

आणि आता कागद. हे कुठल्या पोथीत सापडणार नाही, गुरुजींची ही स्वतःची शिस्त होती, पण माझ्या मते पूजेचा जीव त्यातच आहे:

– जमाखर्चाची वही. नसेल तर त्या दिवशी नवी घ्या.
– बँकेचं पासबुक, भरून आणलेलं.
– देण्याची यादी. कुणाचं किती, कधीपासून. किराणावाल्याची उधारी आणि बहिणीकडून हातउसने घेतलेले दोन हजारसुद्धा.
– येण्याची यादी.

देण्याची यादी करायला मला चार संध्याकाळी लागल्या. आकडा बघायची भीती वाटत होती. पहिल्या वर्षी पूजेपेक्षा हेच अवघड गेलं. ती यादी केल्याशिवाय चौरंग मांडू नका.

५. यंत्र

कुबेर यंत्र म्हणजे नऊ घरांचा चौकोन. आडवं, उभं, तिरकं, कसंही मोजलं तरी बेरीज ७२ येते.

२७ २० २५
२२ २४ २६
२३ २८ २१

तमिळनाडूत बायका हेच तांदळाच्या पिठाने रांगोळीसारखं काढतात आणि प्रत्येक घरात एक नाणं ठेवतात.

विकत घ्यायची गरज नाही. मी पहिल्यांदा एक ताम्रपट घेतला होता, 'सिद्ध' म्हणून चौपट किमतीला. घरी आणून सहज बेरीज केली तर मधली ओळ ७५. मधल्या घरात २४ च्या जागी २७ ठोकलेलं, आणि २७ तर वरच्या ओळीत आधीच होतं. विकणाऱ्याने मोजलं नव्हतं आणि माझ्या आधी ज्यांनी घेतलं त्यांनीही नसेल मोजलं. तेव्हापासून मी यंत्र स्वतः काढते. पाटावर तांदळाच्या पिठीने किंवा भूर्जपत्रावर, साध्या कागदावरही चालतं, केशराच्या पाण्याने आणि डाळिंबाच्या काडीने. २० पासून सुरुवात करून चढत्या क्रमाने आकडे भरत जायचं, २८ ला थांबायचं. वीस कुठे, एकवीस कुठे हे शोधत हात फिरतो, तेवढ्यात मन जागेवर येतं. भरून झालं की आठही बाजूंनी बेरीज करा. धनाच्या देवासमोर चुकलेली बेरीज ठेवू नये.

६. मांडणी

घराच्या उत्तरेकडे जागा करा आणि तुम्ही उत्तरेकडे तोंड करून बसा. फ्लॅटमध्ये उत्तर भिंतीला कपाट असेल तर कपाट हलवत बसू नका, तोंड उत्तरेला आलं की पुरे. चौरंगावर कापड, त्यावर तांदळाच्या तीन राशी. तुमच्या डावीकडे गणपती, मध्ये लक्ष्मी, उजवीकडे कुबेर, प्रत्येक राशीवर विड्याची दोन पानं आणि सुपारी. समोर यंत्र. यंत्राजवळ वही उघडून पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक आणि 'श्री'. देण्याची यादी वहीच्या खाली झाकायची नाही, वर ठेवायची.

७. संकल्प

आचमन करा: केशवाय नमः, नारायणाय नमः, माधवाय नमः म्हणत तीनदा पाणी प्या, गोविंदाय नमः म्हणत ताम्हनात सोडा. मग हातात अक्षता आणि पाणी घेऊन संकल्प.

संस्कृत येत असेल तर देशकालाचा उच्चार पूर्ण करा. इथे एक चूक सर्रास होते. पुस्तकात छापलेलं 'गोदावर्याः दक्षिणे तीरे' सगळेच वाचतात. पुणे, सातारा, कोकण यांना ते बरोबर आहे. नागपूर, अमरावतीला 'उत्तरे तीरे' म्हणायला हवं. आम्ही पंचवटीत राहतो, आम्हीही उत्तर तीरच म्हणतो, पूल ओलांडून जुन्या नाशकात गेलं की दक्षिण. लंडनला किंवा न्यू जर्सीला असाल तर गावाचं आणि देशाचं नाव घ्या. पत्ता बरोबर असला पाहिजे, एवढंच.

संस्कृत येत नसेल तर मराठीत सांगा: मी अमुक, अमुक गोत्राची, अमुक गावी, आज धनत्रयोदशीला, माझ्या कुटुंबाचं देणं फिटावं आणि घरात धनधान्य टिकावं यासाठी श्रीकुबेराची पूजा करते. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणतात. पाणी ताम्हनात सोडा. पाणी सोडल्यावर संकल्प बदलता येत नाही, म्हणून आधी दोन मिनिटं विचार करून बसा.

८. पूजा

आधी गणपती. मग कलश, शंख असेल तर शंख, घंटा, दीप. मग लक्ष्मी. मग कुबेर. ध्यानाला हा श्लोक:

मनुजवाह्यविमानवरस्थितं
गरुडरत्ननिभं निधिनायकम् ।
शिवसखं मुकुटादिविभूषितं
वरगदे दधतं भज तुन्दिलम् ॥

माणसांनी वाहिलेल्या विमानात बसलेला, पाचूसारख्या कांतीचा, निधींचा नायक, शिवाचा सखा, मुकुट ल्यालेला, एक हात वर देणारा, दुसऱ्यात गदा, पोट सुटलेला. श्लोक पाठ नसेल तर हे चित्र डोळ्यांपुढे आणा. वर आणि गदा दोन्ही आहेत, हे लक्षात ठेवा.

पुढे पंचोपचार पुरतात. गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. प्रत्येक वेळी 'श्रीकुबेराय नमः'. धने-गुळाचा नैवेद्य दाखवला की हा श्लोक म्हणा, लक्ष्मीपूजनातही तो असतो:

धनदाय नमस्तुभ्यं निधिपद्माधिपाय च ।
भवन्तु त्वत्प्रसादान्मे धनधान्यादिसम्पदः ॥

यानंतर जप.

९. जप

यक्षाय कुबेराय वैश्रवणाय धनधान्याधिपतये धनधान्यसमृद्धिं मे देहि दापय स्वाहा ।

सुरुवातीला ॐ लावायचा. ॐ सोडून अक्षरं मोजा, पस्तीस भरतात. ऋषी विश्रवा, म्हणजे त्याचे वडील, आणि छंद बृहती. एक माळ, १०८ वेळा. पहिल्या दिवशी पंचवीस-तीस मिनिटं लागतात.

'देहि दापय' या दोन शब्दांवर मी दरवर्षी थांबते. देहि म्हणजे दे. दापय म्हणजे देवव, दुसऱ्याकडून मिळवून दे. कुबेर स्वतः तुमच्या दारात पिशवी आणून ठेवत नाही. तो कुणाच्या तरी हातून देववतो. गिऱ्हाइकाच्या हातून, मालकाच्या हातून, कधी थकलेली उधारी परत करणाऱ्या माणसाच्या हातून.

लाख जपाचं पुरश्चरण आणि त्याच्या दशांशाने होम हे पहिल्या वर्षी मनातही आणू नका. गुरुशिवाय तर नाहीच. रोज एक माळ, सोळा दिवस किंवा पुढच्या त्रयोदशीपर्यंत, हेही खूप आहे. खंड पडला तर काही वाईट होत नाही. 'मध्ये सोडलंत तर उलटतं' असं सांगून लोकांना बांधून ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ताप आला तेव्हा नऊ दिवस माळ बंद होती. बरी झाल्यावर नमस्कार करून पुन्हा सुरू केली.

१०. मागावं कसं

माझं सगळ्यात आवडतं हेच, म्हणून जरा सविस्तर.

रघुवंशाच्या पाचव्या सर्गात कौत्साची गोष्ट आहे. गुरु वरतंतूंना दक्षिणा द्यायची म्हणून तो हट्ट धरतो. ते चिडून सांगतात, चौदा विद्या शिकलास, चौदा कोटी आण. कौत्स रघुराजाकडे येतो. पण रघूने नुकत्याच झालेल्या विश्वजित यज्ञात सगळं दान केलेलं, पाहुण्याला अर्घ्य द्यायला मातीचं भांडं. तरी तो कौत्साला रिकाम्या हाती परत पाठवत नाही. कुबेरावर स्वारी करायचं ठरवून रात्री रथातच झोपतो. सकाळी कोशाधिकारी धावत येतात, खजिन्यात आकाशातून सोन्याचा पाऊस पडलाय. रघू म्हणतो, सगळं ने. कौत्स म्हणतो, मला चौदा कोटीच हवेत. देणारा जास्त द्यायला हटून बसलाय आणि घेणारा मोजून तेवढंच घेतोय. दसऱ्याला आपण आपट्याची पानं सोनं म्हणून देतो, त्यामागे हीच गोष्ट सांगतात.

तर मागताना आकडा सांगा. 'भरपूर दे' असं खजिनदाराला समजत नाही. देण्याच्या यादीची बेरीज करा आणि ती मोठ्याने वाचा. पहिल्या वर्षी मी वाचलं: अडतीस हजार चारशे. वाचताना आवाज कापला. मग म्हटलं, एवढं फिटू दे, आणि फिटेपर्यंत नवं कर्ज काढणार नाही. हा दुसरा भाग आपल्याकडून द्यायचा शब्द. तो पाळता येईल एवढाच द्या.

त्या नोव्हेंबरात शेजारच्या सोसायटीतल्या एका लग्नाच्या बावीस ब्लाउजचं काम आलं. नंतर त्याच घरातून दुसरं. चौदा महिन्यांत यादीतली शेवटची ओळ खोडली. मशीनवर मी बसले, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत बसले, आणि गिऱ्हाईक त्याने पाठवलं असं मी मनापासून मानते. तुम्हाला तसं मानायचं नसेल तरी यादी आणि शब्द हे दोन्ही सोडू नका.

शेवटी आरती आणि उभं राहून मंत्रपुष्पांजली. या वेळी 'वैश्रवणाय' म्हणताना समोर बघा.

११. दुसऱ्या दिवशी

रात्रभर समई तेवत ठेवा, पण झोपताना पडदा, कापड, कागद दिव्यापासून लांब. परदेशात धुराचा अलार्म वाजतो, तिथे धूप टाळून एक उदबत्ती पुरे. सकाळी आंघोळ करून गंध-फूल वाहा, निरांजन ओवाळा, झालेल्या चुकांची क्षमा मागा आणि 'पुनरागमनाय च' म्हणून अक्षता टाका. लक्ष्मीपूजनापर्यंत मांडणी ठेवायची असेल तर हे दोन दिवसांनी करा.

तांदूळ घरच्या डब्यात मिसळा. धने थोडे प्रसादाला, थोडे कुंडीत पेरा, आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. गणपती आणि लक्ष्मीच्या सुपाऱ्या झाडाच्या मुळाशी ठेवा, नदीत नको, आमच्या गोदेने आधीच खूप सोसलं आहे. कुबेराची सुपारी मी पिवळ्या कापडाच्या तुकड्यात गुंडाळून गल्ल्यात ठेवते, वर्षभर. पुढच्या धनत्रयोदशीला नवी आली की जुनी कुंडीत.

वहीचं तेवढं राहिलं. स्वस्तिकाच्या पानाखाली त्याच सकाळी पहिली नोंद करा, रक्कम कितीही लहान असो. माझ्या यंदाच्या वहीत पहिली ओळ आहे: धने पाव किलो, गूळ अर्धा किलो, रोख.